दोन राखाडी रंग आणि एक पायरी



थंडी ओसरली, पाडव्याचा कार्यक्रम पार पडला, आणि आता पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपल्यापैकी निदान दहा-बारा घरांत रंगकाम निघणार. दरवर्षी या दिवसांत मला फोन येतात. माझी पीएच.डी. रसायनशास्त्रातली आहे आणि नोकरी औषधांच्या कंपनीत. भिंतीच्या रंगाशी माझा धंद्याचा काडीचा संबंध नाही. पण आपल्या लोकांना एकदा "केमिस्ट" शब्द कळला की पुरे! "तू डॉक्टरेट केलीस ना, मग सांग, हा ग्रे घेऊ की तो ग्रे?" असं विचारणाऱ्या वहिनी, काकू आणि मित्रमंडळी इतकी झाली, की एकदाच सगळ्यांना उत्तर लिहून द्यावं म्हणून हा लेख. उत्तर थोडं लांबेल, कारण गेल्या हिवाळ्यात आमच्याच घरात जे झालं, त्यानंतर हा प्रश्नच मला वेगळा दिसायला लागला आहे.

आधी आमची हकिगत. मागच्या सप्टेंबरात आम्ही घराला रंग द्यायचं ठरवलं. घर १९८३ सालचं, मध्य न्यू जर्सीतलं, स्प्लिट-लेव्हल पद्धतीचं. पुढच्या दारातून आत आलं की छोटी मोकळी जागा, तिथून एक पायरी उतरून दिवाणखाना. दुकानातून शेड कार्डांचा गठ्ठा आणला आणि चाळून चाळून दोनच रंग उरले. दोन्ही शेर्विन-विल्यम्सचे, दोन्ही इकडे अतिशय खपणारे. एक ॲग्रीएबल ग्रे, क्रमांक ७०२९. दुसरा रिपोज ग्रे, क्रमांक ७०१५. माझ्या नवऱ्याला रिपोज हवा होता, मला ॲग्रीएबल. तीन आठवडे आम्ही वाद घातला. जेवताना, गाडीत, एकदा तर देशात फोन चालू असताना. सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "अरे, नक्की कशावरून भांडताय?" आम्ही कॅमेऱ्यासमोर दोन्ही कार्डं धरली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन कार्डं आहेत का?"

आता या दोन रंगांत फरक तरी किती, ते बघू. प्रत्येक रंगाच्या कार्डामागे एलआरव्ही नावाचा एक आकडा असतो. तो रंग किती टक्के उजेड परत फेकतो, त्याचा हा आकडा. अगदी काळ्याला शून्य, अगदी पांढऱ्याला शंभर. ॲग्रीएबल ग्रे ६०, रिपोज ग्रे ५८. म्हणजे फरक दोन गुणांचा. कॉम्प्युटरवर रंग दाखवण्यासाठी लाल, हिरवा, निळा असे जे तीन आकडे वापरतात, ते ॲग्रीएबलचे २०९, २०३, १९३ आणि रिपोजचे २०४, २०१, १९२. लालातून निळा वजा केला तर पहिल्यात १६ उरतात, दुसऱ्यात १२. याचा साधा अर्थ असा, की दोघांतही थोडा पिवळसर-मातकट अंश आहे. ॲग्रीएबलमध्ये तो जरा जास्त, म्हणून तो रंग ऊबदार वाटतो. रिपोजमध्ये कमी, म्हणून तो राखेच्या जवळ जातो. बस्स. एवढ्यावर तीन आठवडे.

हा मातकट अंश येतो कुठून? दुकानदार आपल्यासमोर डबा उघडतो, त्यात मुळात पांढरा बेस असतो. त्याचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. त्यात यंत्राने रंगाचे थेंब सोडतात, तेही औंसाच्या बत्तिसाव्या भागाच्या हिशेबाने. नुसता काळा घातला तर भिंत थंड, निळसर वाटते, म्हणून अशा रंगांत काळ्याबरोबर थोडा पिवळा, थोडा लालसर रंगही सोडतात. हे काही नवीन नाही. आपल्याकडे चुन्याने भिंती पांढऱ्या करताना त्यात चिमूटभर नीळ घालायचे, ते आठवतं का? चुन्याचा पिवळसरपणा मारायला नीळ. आजीने कधी "अंडरटोन" हा शब्द ऐकला नव्हता, पण काम तेच होतं. फक्त तिची चिमूट उलट दिशेला होती.

तेव्हा फरक आहे, तो खरा आहे, आणि दोन्ही कार्डं शेजारी ठेवली तर दिसतोही. पण भिंतीवर दोन रंग शेजारी शेजारी नसतात, एकच असतो. आणि तो कसा दिसणार हे डब्यातल्या थेंबांपेक्षा तीन दुसऱ्याच गोष्टींवर जास्त ठरतं.

पहिली गोष्ट, खिडकी कुठल्या बाजूला आहे. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. त्या खोलीत रिपोज ग्रे अगदी पावसाळी ढगासारखा दिसू शकतो. दक्षिणेच्या खोलीत तोच प्रसन्न वाटेल, आणि ॲग्रीएबल दुपारी जवळजवळ साईसारखा. शिवाय आपण आता मिरजेत किंवा मुंबईत नाही, चाळीसाव्या अक्षांशावर राहतो. डिसेंबरात भर दुपारी मिरजेत सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर असतो, इथे जेमतेम २६. उजेड तिरपा, थोडा वेळच टिकणारा. देशात ज्या रंगाला आपण "छान थंड" म्हणतो तो इथे जानेवारीत उदास वाटतो, याचं कारण हे आहे.

दुसरी गोष्ट, दिवे. जुने तारेचे बल्ब बहुतेक प्रकारांत १ ऑगस्ट २०२३ पासून या देशात विकायला बंदी आहे, म्हणजे आता जवळपास सगळ्यांकडे एलईडी. पण एलईडी हजार तऱ्हेचे. २७०० केल्विनचा दिवा पिवळा, ५००० चा निळसर पांढरा. आमच्याच दिवाणखान्यात एका दिव्यात हा आणि दुसऱ्यात तो होता, आणि आम्ही भिंतीच्या दोन टोकांना उभे राहून "बघ, माझा रंग कसा वेगळा दिसतो" म्हणत होतो! शिवाय दोन रंग एका उजेडात अगदी सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणूनच एका कंपनीचा रंग दुसऱ्या कंपनीच्या डब्यात "मॅच" करून घेताना सांभाळा. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला रंग घरी जुळेलच असं नाही.

तिसरी गोष्ट, शेजार. ही गोष्ट शोधून काढली ती एका रसायनशास्त्रज्ञाने, म्हणून मला विशेष प्रेम. शेव्ह्रल नावाचा फ्रेंच माणूस. १८२४ पासून तो पॅरिसच्या गोब्लाँ या प्रसिद्ध गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाच्या खात्याचा प्रमुख होता. तक्रार आली, की काळी लोकर नीट रंगवलेली नाही, फिकी दिसते. त्याने लोकर तपासली, दुसरीकडची काळी लोकर आणून ताडून पाहिली. रंगात काहीच खोट नव्हती. खोट होती शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत. त्यांच्या शेजारी काळा मरगळलेला दिसत होता. यावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. सांगायचा मुद्दा, की तुमच्या भिंतीचा राखाडी हा तुमच्या सोफ्याने, गालिचाने आणि पडद्याने ठरतो. निळ्या सोफ्यामागे तोच राखाडी पिवळट दिसेल, आणि पिवळ्या लाकडामागे निळसर.

म्हणून सल्ला विचारलात तर तो एवढाच. आधी घरातले सगळे दिवे एका जातीचे करा, रंगाचा विचार नंतर. भिंतीवर सहा ठिकाणी नमुने फासू नका. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला थोडी पांढरी पट्टी सोडा, आणि तो पुठ्ठा दोन-तीन दिवस खोलीत फिरवा. सकाळी, संध्याकाळी, दिवे लावून, सोफ्याच्या मागे. उत्तरेची किंवा अंधारी खोली असेल तर ॲग्रीएबलकडे झुका, दक्षिणेची भरपूर उजेडाची असेल तर रिपोज. तरीही ठरेना, तर नाणं उडवा. खरंच सांगते, दोन महिन्यांनी तुम्हाला आठवणारही नाही. आणि हो, घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुना रंग खरवडण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या. लहान मुलं असतील तर ही गोष्ट कुठल्याही छटेपेक्षा महत्त्वाची.

इथे लेख संपला असता. आमच्या घरातही वाद इथेच संपला. ॲग्रीएबल ग्रे लागला, मी जिंकले. वर पांढरी ट्रिम, खाली नवा गालिचा, तोही राखाडी, भिंतीला अगदी शोभणारा. ती एक पायरीसुद्धा गालिचाखाली झाकली. येणारे-जाणारे म्हणाले, मासिकातल्या फोटोसारखं झालं आहे घर.

ऑक्टोबरात माझे बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले. वय ७४, निवृत्त शिक्षक. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं, डाव्याचं "अजून पिकला नाही" म्हणून राहिलेलं. मी कौतुकाने त्यांना गॅरेजमधले दोन्ही पुठ्ठे दाखवले आणि आमच्या भांडणाची गोष्ट सांगितली. बाबांनी एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. मग हसले. म्हणाले, "अगं, गंमत बघ. या डोळ्याने दोन्ही राखाडी. आणि या डोळ्याने दोन्ही कोऱ्या चहाच्या पाण्यासारखे."

मी प्रयोगशाळेत इतकी वर्षं रंगमापक यंत्रं वापरली, पण रंगाविषयी इतकं शिकवणारा प्रयोग पाहिला नव्हता. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं. ते निळा उजेड अडवतं. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की जग पुन्हा निळसर-पांढरं दिसतं. बाबांच्या एका डोळ्यात जुनं भिंग, एकात नवं. आम्ही ज्या फरकावर तीन आठवडे भांडलो, त्याच्या कितीतरी पट मोठा फरक त्यांच्या उजव्या आणि डाव्या डोळ्यात होता. आम्ही सगळे खूप हसलो. तेव्हाच थोडा पुढचा विचार करायला हवा होता. केला नाही.

नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली. पाचला काळोख. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, बाबा पुढच्या दाराकडून पेपर घेऊन दिवाणखान्यात येत होते. धप्पकन आवाज आला. ते त्या एका पायरीवरून पडले होते. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. इमर्जन्सीत साडेचार तास, मग प्लास्टर, मग व्हिजिटर इन्शुरन्सवाल्यांशी आठवडाभर फोन. हे सगळं तुमच्यापैकी अनेकांनी केलेलं आहे, त्यामुळे वर्णन करत नाही. बाबा सारखे म्हणत होते, "माझंच चुकलं. नीट बघितलं नाही." वडीलधारी माणसं असंच म्हणतात. मुलीच्या घराला नाव कसं ठेवायचं? आणि आपणही लगेच म्हणतो, "बाबा, जरा बघून चाला ना."

चार दिवसांनी, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून, ते सहज म्हणाले, "काय झालं सांगू का? भिंत, जमीन, पायरी, सगळं एकच दिसत होतं गं. मला वाटलं, सपाटच आहे."

मी त्या संध्याकाळी दिवे मंद करून, डोळ्यांना पिवळ्या काचेचा चष्मा लावून, पुढच्या दाराशी उभी राहिले. मला ती पायरी दिसली, कारण ती तिथे आहे हे मला ठाऊक होतं. पायरीची कड मात्र दिसली नाही.

साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग गढूळ होतं. सत्तरीत त्याहून कमी. अशा डोळ्याला आधी सूक्ष्म छटा दिसेनाशा होतात. जे आम्हाला "शांत" आणि "सौम्य" म्हणून आवडलं, ते बाबांना नुसतं धुकं होतं. अमेरिकेच्या सीडीसीच्या माहितीप्रमाणे ६५ वर्षांवरच्या दर चार माणसांमागे एकाहून जास्त माणूस वर्षातून एकदा तरी पडतो. त्यात नवं घर, नवा जिना, टाइम झोनमुळे बिघडलेली झोप आणि रात्री दोनदा बाथरूमला उठणं आलं. आपले आई-वडील इथे येतात ते नेमके असेच येतात.

मग मी वाचायला बसले. ब्रिटनमध्ये इमारती सर्वांना वापरता याव्यात म्हणून एक मानक आहे, बीएस ८३००. त्यात भिंत आणि जमीन, भिंत आणि दरवाजा अशा जोड्यांत एलआरव्हीचा फरक किती असावा ते सांगितलं आहे. नजर कमी असलेल्या माणसाला दोन गोष्टी वेगळ्या कळाव्यात म्हणून किमान ३० गुण.

तीस! आम्ही तीन आठवडे भांडलो ते दोन गुणांवर. बाबांना हवे होते तीस, आणि त्या पायरीवर होता शून्य. राखाडी भिंतीवर पांढरी ट्रिम उठून दिसते असं आपल्याला वाटतं, तिचा हिशेब करा. याच कंपनीचा एक्स्ट्रा व्हाइट ८६ चा आहे. ८६ वजा ६० म्हणजे २६. तोही तीसला पोचत नाही. पांढऱ्या पट्टीवरचं दिव्याचं पांढरं बटण तर विचारूच नका.

आता माझं म्हणणं स्पष्ट सांगते, कारण संपादकांनी "मत मांड" असं सांगून पान दिलं आहे. आपण घर रंगवताना चुकीचा प्रश्न विचारतो आहोत. हा ग्रे की तो ग्रे, हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न, या घरात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला पायरी, दार, कठडा आणि बटण दिसतं का? त्याचं उत्तर "हो" असेल, तर मग भिंतीला कुठलाही ग्रे लावा.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे "रीसेल". घर विकायला काढू तेव्हा गिऱ्हाइकाला असेच रंग आवडतात, एजंटने सांगितलंय. हे खोटं नाही. आपल्यापैकी बहुतेकांची सगळी पुंजी घरात आहे, आणि एजंट त्याच्या अनुभवावरून बोलतो. मी कोणालाही भिंत लाल करा असं म्हणत नाही. पण पुढच्या दहा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या आवडीचा आपण इतका विचार करतो, आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या आईच्या डोळ्यांचा करत नाही, हे काही बरोबर नाही. शिवाय त्याला खर्च तरी किती? आम्ही पहिल्या दिवशी पायरीच्या कडेवर दोन इंच रुंदीची गडद चिकटपट्टी लावली, दहा मिनिटांचं काम. नंतर सुताराकडून गडद लाकडाची न घसरणारी कड बसवून घेतली. बाथरूमचं दार नेव्हल या गडद निळ्या रंगाने रंगवलं. त्याचा एलआरव्ही फक्त ४, म्हणजे भिंतीपासून ५६ गुण लांब. बटणांभोवतीच्या पट्ट्या गडद केल्या, पॅसेजमध्ये रात्रीचा छोटा दिवा लावला. भिंती अजून ॲग्रीएबल ग्रेच आहेत. घर विकायचं तेव्हा एका दाराला एक डबा रंग लागेल, एवढंच.

दुसरं उत्तर, "आमच्याकडे काही बोलले नाहीत ते." नाहीच बोलणार. बाबा त्या पायरीशी आठ-दहा वेळा अडखळले होते, हे मला नंतर त्यांच्याशी पत्ते खेळणाऱ्या शेजारच्या काकांकडून कळलं. आपल्या घरी पाहुण्यासारखे राहायला आलेले आई-वडील तक्रार करत नाहीत. ते भिंतीला हात लावून चालतात, रात्री पाणी कमी पितात, जिना उतरायचं टाळून वरच्याच खोलीत बसून राहतात. आणि आपण म्हणतो, "आईला इथे करमत नाही." करमत नाही हे खरं असेलच. पण एकदा त्यांच्याबरोबर संध्याकाळी घरातून चालून बघा, आणि ते कुठे थांबतात ते पाहा.

आमच्या मिरजेच्या जुन्या घरात पायऱ्यांच्या कडेला गेरूचा पट्टा असे. भिंतींना पांढरा चुना, खाली हातभर गेरू. उंबऱ्यावर हळदीकुंकू. तो गेरू पायरी दिसावी म्हणूनच लावत, असा माझा दावा नाही. सणाला घर चांगलं दिसावं म्हणूनच लावत असतील. आणि देशातही आता फ्लॅटमध्ये सगळीकडे हेच फिकट रंग आणि गुळगुळीत फरशी आहे, त्यामुळे "आपलं ते चांगलं" असं म्हणण्याचाही हेतू नाही. मात्र बाबांना मी नवी गडद कड दाखवली तेव्हा ते पाय पुढे करून सावकाश उतरले आणि म्हणाले, "हां, आता पायरी झाली. गेरूसारखी." त्यांना शेव्ह्रल माहीत नाही, बीएस ८३०० तर नाहीच.

शेवटी मंडळाच्या कामाचं. आपण कार्यक्रमाला जो हॉल भाड्याने घेतो, तिथे स्टेजला पाच पायऱ्या आहेत. सगळ्या तपकिरी, जमीनही तपकिरी, आणि कार्यक्रमाच्या वेळी दिवे मंद. गणेशोत्सवात आरतीला, सत्काराला ज्येष्ठ मंडळी तिथूनच चढतात-उतरतात. माझी कार्यकारिणीला विनंती आहे, की हॉलच्या लोकांची परवानगी घेऊन प्रत्येक कार्यक्रमाआधी त्या पायऱ्यांच्या कडांवर डाग न सोडणारी पिवळी चिकटपट्टी लावावी आणि कार्यक्रमानंतर काढावी. स्वयंसेवकांच्या यादीत हे काम माझ्या नावावर लिहा. दोन जोडीदार मिळाले तर दहा मिनिटांत होईल.

आणि ज्यांना खरोखरच ॲग्रीएबल की रिपोज हे ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी आमचे दोन्ही पुठ्ठे मराठी शाळेच्या कपाटात आणून ठेवते. घरी न्या, दोन दिवस खोलीत फिरवा, परत आणून ठेवा. पुठ्ठ्यांबरोबर पिवळ्या काचेचा चष्माही ठेवते आहे. आधी तो लावून संध्याकाळी आपल्या घरात एक फेरी मारा. रंग त्यानंतर निवडा.

बाबांचं प्लास्टर निघालं, मनगट नव्वद टक्के तरी वळतं. मार्चअखेर ते परत गेले. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आता मिरजेत होईल. पुढच्या वर्षी आले की त्यांना पुन्हा ते दोन पुठ्ठे दाखवणार आहे. दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसायला लागल्यावर तरी ते माझी बाजू घेतात की जावयाची, ते बघायचं आहे.

आपले अनुभव आणि मतभेद पुढच्या अंकासाठी जरूर पाठवा.